संख्येची कुंडली चुकतेय? अवयव, विभाजक, वर्गीकरण जुळत नसेल तर आधी हे तपासा

डिसेंबर उजाडला की माझ्याकडे रांग लागते. २२ डिसेंबर म्हणजे रामानुजन यांचा जन्मदिवस, राष्ट्रीय गणित दिन, त्यामुळे शाळाशाळांत प्रदर्शन, आणि "एक मोठी संख्या निवडा, तिची सगळी माहिती तक्त्यावर लिहा" हा प्रोजेक्ट कुणाला तरी मिळतोच मिळतो. आमच्या क्लासमध्ये त्याला संख्येची कुंडली म्हणतात. मूळ की संयुक्त, मूळ अवयव कोणते, विभाजक किती, त्यांची बेरीज किती, पूर्ण वर्ग आहे का, हर्षद (स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जाणारी) आहे का, परिपूर्ण (स्वतःला वगळून विभाजकांची बेरीज नेमकी तेवढीच) आहे का वगैरे. मी काही प्राध्यापक नाही हो, दहावीपर्यंतचे क्लास घेते आणि संध्याकाळी कॉलेजच्या पोरांना सी आणि पायथन शिकवते, पण हा एकच बिघाड इतक्या वेळा दुरुस्त केलाय की आता वही न उघडता फक्त लक्षणं ऐकून सांगते कुठे घोळ असेल. आणि दहातल्या आठ वेळा घोळ गणितात नसतोच, तर ज्या संख्येची कुंडली मांडायची ती संख्याच वाटेत बदललेली असते!

उदाहरणाला तीन संख्या घेते, तिन्ही दरवर्षी कुणी ना कुणी आणतंच. पहिली १२३४५६७८९०. दुसरी १२३४५६७८९८७६५४३२१, म्हणजे नऊ वेळा एक लिहून (१११११११११) त्याचा वर्ग. ही कापरेकरांची डेम्लो संख्या. देवळालीला शाळेत शिकवणारे द. रा. कापरेकर, तेच, कापरेकर स्थिरांक ६१७४ वाले. डेम्लो हे जी.आय.पी. रेल्वेवरच्या स्टेशनचं नाव, म्हणजे आताचं डोंबिवली, तिथे त्यांना ही कल्पना सुचली म्हणून संख्येला स्टेशनचं नाव. तिसरी १२३४५६७८९१०९८७६५४३२१, हिची गंमत पुढे येईल.

लक्षणं बघा आधी, यातलं कुठलं तुमचं आहे ते ओळखा:

– हाताने विषम असलेली संख्या कॉम्प्युटरवर सम होतेय, किंवा शेवटी शून्यं दिसतायत
– विभाजकांची बेरीज उणे येतेय (हे बघून एका मुलाने मला विचारलं होतं की ताई, संख्या कर्जात गेली का)
– एकाचे विभाजक ४८, दुसऱ्याचे ६४
– एक साइट म्हणते मूळ, दुसरी म्हणते संयुक्त
– ६ किंवा २८ सारखी साधी परिपूर्ण संख्यासुद्धा प्रोग्रॅमला परिपूर्ण वाटत नाही
– हर्षद संख्या अचानक हर्षद राहत नाही
– अवयवांमध्ये कुठूनतरी १९ चा वर्ग उगवलाय
– प्रोग्रॅम लावून जेवून आलात तरी फिरतोच आहे, लॅपटॉपचा पंखा गिरणीसारखा

आता तपासणी. फुकटातलं आधी, डोकेदुखीचं शेवटी. क्रम मोडू नका, कारण मुलं थेट प्रोग्रॅम उसवायला घेतात आणि तीन तासांनी कळतं की संख्याच वहीत चुकीची उतरवली होती.

अंक मोजा

हसू नका, बोट ठेवून मोजा. पहिली संख्या १० अंकी, दुसरी १७ अंकी. मागे एक मुलगा तक्ता रंगवूनच घेऊन आला, वर मोठ्ठ्या अक्षरात "दहा वेळा एक, त्याचा वर्ग = १२३४५६७८९१०९८७६५४३२१". दिसायला किती छान, चढत गेलं, दहा झाले, उतरत आलं. पण १११११११११ पर्यंतच हा मनोरा नीट बनतो, दहाव्या एकाला हातचा येतो आणि मनोरा मोडतो. खरा वर्ग १२३४५६७९००९८७६५४३२१ आहे, १९ अंकी. त्याने लिहिलेली संख्या २० अंकी. नुसतं मोजलं असतं तरी कळलं असतं, कारण दहा वेळा एक लिहिलेल्या या दहा अंकी संख्येचा वर्ग म्हणजे एकावर अठरा शून्यांच्या थोडं वर, त्याचे अंक १९ च होणार. आणि गंमत म्हणजे ती चुकीची २० अंकी संख्या वर्ग तर नाहीच, चक्क मूळ संख्या आहे! तक्त्यावर "पूर्ण वर्ग" लिहिलेलं आणि खाली मूळ संख्या बसलेली.

मोजतानाच दोन गोष्टी अजून बघा. स्वल्पविराम कसे दिलेत. आपण १,२३,४५,६७,८९० लिहितो, म्हणजे एक अब्ज तेवीस कोटी पंचेचाळीस लाख सदुसष्ट हजार आठशे नव्वद, आणि इंग्रजी साइटवर तीन-तीनचे गट असतात, त्यात उतरवताना एखादा गट गळतो किंवा दोनदा येतो. दुसरं म्हणजे मराठी अंक. मराठी माध्यमाच्या वहीतला १ हा इंग्रजी नऊसारखा आणि ४ हा इंग्रजी आठसारखा दिसतो, त्यामुळे टाइप करणारं भावंड किंवा डीटीपीवाला इंग्रजी माध्यमाचा असेल तर एकाचा नऊ झालाच म्हणून समजा. अंकांची संख्या तीच राहते त्यामुळे मोजून हे सापडत नाही, त्यासाठी पुढची पायरी.

शेवटचा अंक, नऊ आणि अकरा

याला कागद-पेन पुरतं. शेवटचा अंक बघा: कुठल्याही पूर्ण वर्गाच्या शेवटी ०, १, ४, ५, ६ किंवा ९ च येतो. २, ३, ७, ८ आला की वर्ग नाही, विषय संपला, कॉम्प्युटर काहीही म्हणो. हे का सांगतेय तर साध्या दशांश वर्गमूळाने तपासलं तर १२३४५६७८९८७६५४३२१ आणि त्याच्या पुढची ...३२२, दोघींचं वर्गमूळ १११११११११ च दिसतं, फरक इतका बारीक की मशीनला तो साठवताच येत नाही. दोन लागोपाठच्या संख्या दोन्ही वर्ग कशा असतील? शेवटचा २ बघितला की मशीन खोटं बोलतंय हे चौथीतलं पोरही सांगेल.

मग अंकांची बेरीज. १२३४५६७८९० ची ४५, आणि ४५ ने या संख्येला निःशेष भाग जातो, भागाकार २७४३४८४२. म्हणजे हर्षद संख्या, हे नावही कापरेकरांनीच दिलेलं. डेम्लोवालीची बेरीज ८१, तिलाही ८१ ने भाग जातो आणि भागाकार १२३४५६७९ चा वर्ग येतो, तीच ती आठ गायब असलेली प्रसिद्ध संख्या. तर बेरीज ४५ आणि ८१ आली पाहिजे. ७८ किंवा ८० आली तर पुढची एक्सेलची पायरी तुमच्यासाठीच आहे.

नऊची कसोटी अवयव पडताळायलाही वापरतात पण तिची एक खोड आहे, अंकांची अदलाबदल तिला दिसत नाही. १२३४५६७८९० ला ९० ने भागलं की १३७१७४२१ येतात, आणि ते म्हणजे ३६०७ × ३८०३. आता कुणी घाईत ३६०७ चं ३६७० केलं तर अंकांची बेरीज तीच, १६, नऊची कसोटी डोळे मिटून पास करते. अकराची करत नाही. उजवीकडून एक अंक अधिक एक उणे असं करत जा, उणे उत्तर आलं तर ११ मिळवा: १३७१७४२१ ची बाकी ३ येते. ३६०७ ची १०, ३८०३ ची ८, गुणाकार ८०, त्याची अकराने बाकी ३. जुळलं. ३६७० घेतलं तर बाकी ७, सात आठे छप्पन्न, छप्पन्नची बाकी १. नाही जुळत, पकडला चोर. मी पोरांना सांगते नऊ आणि अकरा दोन्ही लावा, पाच मिनिटं लागतात. दोन्ही जुळले तरी शंभर टक्के खात्री नाही हां, पण हाताने उतरवताना होणाऱ्या नेहमीच्या चुका यात बहुतेक सापडतात.

एक्सेल

सगळ्यात जास्त केसेस इथल्या. एक्सेल १५ अंकच लक्षात ठेवतं, त्याच्या पुढच्या अंकांची शून्यं करून टाकतं आणि तोंडातून अवाक्षर काढत नाही, ना एरर ना लाल खूण. १२३४५६७८९८७६५४३२१ टाइप करून एंटर मारा, सेलमध्ये काहीतरी १.२३ आणि ई+१६ असं दिसेल, वरच्या फॉर्म्युला बारमध्ये क्लिक करून बघा, १२३४५६७८९८७६५४३०० झालेलं असेल. शेवटचे २ आणि १ गेले. मग कुंडली कुणाची मांडली जाते तर या नव्या संख्येची: सम, १०० ने भाग जातो, अंकांची बेरीज ७८ म्हणजे ३ ने भाग जातो पण ९ ने नाही. खरी संख्या विषम, ८१ ने भाग जाणारी, पूर्ण वर्ग. एकही ओळ बरोबर येत नाही आणि मूल बिचारं फॉर्म्युले तपासत बसतं.

उपाय: कॉलम आधी टेक्स्ट करा, मग संख्या टाका. किंवा संख्येच्या आधी एकेरी अवतरण चिन्ह द्या. पण आधी टाकून नंतर टेक्स्ट केलं तर काही उपयोग नाही, गेलेले अंक परत येत नसतात, पुन्हा टाइपच करावं लागतं. आणि टेक्स्ट ठेवलेल्या सेलवर बेरीज-भागाकार केला की तो पुन्हा आकडा बनतो आणि पुन्हा १५ वर कापला जातो, म्हणजे टेक्स्ट फक्त जपून ठेवायला, गणित करायला नाही. सीएसव्ही फाइल परत एक्सेलमध्ये उघडली तरी तेच. (हाच प्रकार १६ अंकी डेबिट कार्ड नंबरचा होतो, शेवटचा अंक शून्य होतो. आधार १२ अंकी म्हणून वाचतो. आमच्या सोसायटीच्या हिशेबाच्या शीटमध्ये दोन लांबलचक खाते नंबर असेच शून्याने संपत होते आणि खजिनदार काका बँकेला दोष देत होते.)

ब्राउझरमधली बरीच कॅल्क्युलेटरं साध्या जावास्क्रिप्टवर चालतात, तिथे थोडा वेगळा नमुना दिसतो. ९००७१९९२५४७४०९९२ म्हणजे २ चा ५३ वा घात, इथपर्यंत प्रत्येक पूर्ण संख्या नीट साठवली जाते, तिथून पुढे एक सोडून एक. म्हणून आपली ...३२१ तिथे ...३२० होते. अंकांची बेरीज ८०. तर ७८ आली की एक्सेल, ८० आली की ब्राउझर, एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं काम झालं.

शब्दाचा अर्थ एकच धरलाय का

दोघांची उत्तरं नेमकी त्या संख्येइतकीच कमी-जास्त येत असतील तर भांडू नका, एकाने विभाजकांच्या बेरजेत ती संख्या स्वतः धरलीय आणि दुसऱ्याने नाही. ६ चे विभाजक १, २, ३, ६, बेरीज १२. स्वतःला वगळून ६. परिपूर्ण ठरवताना वगळायचं. वगळून बेरीज तेवढीच आली तर परिपूर्ण, जास्त आली तर विपुल, कमी आली तर न्यून. क्लासमध्ये आम्ही काठोकाठ, उतू गेली आणि अपुरी असं म्हणतो, पोरांच्या डोक्यात लगेच बसतं.

१ ही मूळही नाही आणि संयुक्तही नाही. हे पुस्तकात असतं, तरी दरवर्षी कुणीतरी अवयवांच्या यादीत १ घालून आणतं.

एकच अवयव दोनदा येतो तिथे

४८ की ६४, हा वाद इथे सुटतो. १२३४५६७८९० = २ × ३ × ३ × ५ × ३६०७ × ३८०३. सहा अवयव दिसतात म्हणून प्रत्येकाला दोन पर्याय, घ्या किंवा सोडा, दोनाचा सहावा घात ६४, असं करतात. पण ३ दोनदा आहे. त्याला तीन पर्याय: एकही नाही, एक, दोन. मग २ × ३ × २ × २ × २ = ४८. चौसष्टमध्ये काही विभाजक दोनदा मोजले गेले.

बेरजेतही हेच. २ साठी १+२=३, ५ साठी ६, ३६०७ साठी ३६०८, ३८०३ साठी ३८०४, आणि दोन ३ साठी मिळून १+३+९=१३. बरेच जण तिथे ४ × ४ = १६ करतात. बरोबर बेरीज ३,२१,१६,१०,६८८ येते, स्वतःला वगळून १,९७,७०,४२,७९८, खुद्द १२३४५६७८९० पेक्षा जास्त, म्हणजे विपुल, उतू गेली. आता १६ धरून केलं तर बेरीज चुकते पण संख्या तरीही विपुलच ठरते, आणि म्हणूनच ही चूक वर्षानुवर्षं लपून राहते. शेवटचा निकाल बरोबर आला की मधल्या पायऱ्या कोण बघतंय? पकडायची असेल तर २८ घालून बघा. २ × २ × ७, बरोबर रीत ७ × ८ = ५६, वगळून २८, काठोकाठ. चुकीची रीत ३ × ३ × ८ = ७२, वगळून ४४. तुमच्या रीतीने २८ उतू गेली तर तुमचा बिघाड हाच. इलेक्ट्रिशियन टेस्टर बाळगतो तशी मी २८ बाळगते.

डेम्लोवालीचं पण करून टाकते, रोज कुणीतरी विचारतं. १११११११११ = ३ × ३ × ३७ × ३३३६६७. वर्ग केला की ३ चार वेळा, ३७ दोनदा, ३३३६६७ दोनदा. विभाजक ५ × ३ × ३ = ४५. विषम आले म्हणून घाबरू नका, पूर्ण वर्गाचे विभाजक विषमच असतात कारण वर्गमूळाला जोडीदार नसतो, तो स्वतःचाच जोडीदार. उलट वर्गाचे विभाजक सम आले तर काहीतरी गडबड आहे. ही संख्या न्यून आहे, सगळे विभाजक स्वतःसकट मिळवूनही दीडपटीच्या जरा वर जातात, दुप्पट व्हायला हवे होते.

कुठे थांबलात

"ताई, हजारपर्यंत भागून बघितलं, कशानेच भाग जात नाही, म्हणजे मूळ." एका नववीतल्या मुलीने १३७१७४२१ साठी खरोखर वहीची पानंच्या पानं भरली होती, अक्षर मोत्यासारखं, हजाराच्या आतल्या सगळ्या मूळ संख्यांनी भागाकार. माझ्याच्याने तिला चुकलीस म्हणवेना. पण नियम असा की वर्गमूळापर्यंत जायचं, त्याच्या आत थांबलं तर निकाल देता येत नाही आणि त्याच्या पुढे जायची गरज नाही, कारण दोन्ही अवयव वर्गमूळापेक्षा मोठे असते तर गुणाकार संख्येच्या बाहेर गेला असता. १३७१७४२१ चं वर्गमूळ ३७०३ आणि थोडं. आणि अवयव कुठे दडलाय, ३६०७ ला! अगदी दाराशी. पाचशेहून जास्त मूळ संख्यांनी भागल्यावर पहिल्यांदा भाग जातो. ही संख्या मी मुद्दाम देते, तीन हजारांवर कंटाळणाऱ्यांना बरोबर गाठते.

पंखा गिरणीसारखा फिरतोय त्याचं कारणही याचंच दुसरं टोक, तुम्ही थांबतच नाही आहात. समजा मशीन सेकंदाला एक कोटी भागाकार करतं. १७ अंकी संख्येसाठी १ पासून त्या संख्येपर्यंत जायचं म्हटलं तर साधारण ३९ वर्षं. वर्गमूळापर्यंतच गेलात तर ११ सेकंद. विभाजक जोडीने मिळतात, लहान सापडला की मोठा भागाकारातून फुकट मिळतो, मग पुढे कशाला जायचं.

प्रोग्रॅम

इथपर्यंत सगळं नीट असेल तरच प्रोग्रॅम उघडा. १९ चा वर्ग उगवला होता ना, तो टर्बो सी या जुन्या कंपायलरचा प्रताप. अजूनही कितीतरी कॉलेजात निळी स्क्रीन चालतेच. तिथला इंट, म्हणजे पूर्ण संख्या ठेवायचा डबा, १६ बिटांचा, ३२७६७ च्या वर जातच नाही. त्यात १२३४५६७८९० ठेवलं की आत ७२२ उरतात, आणि ७२२ म्हणजे २ × १९ × १९. पोराने प्रामाणिकपणे ७२२ चे अवयव काढले होते, एकदम बरोबर! मी प्रोग्रॅममध्ये फक्त "संख्या छापून दाखव" अशी एक ओळ टाकायला लावली, ७२२ बघून तो आणि मी दोघंही हसलो. ही एक ओळ नेहमी टाका, वाचलेली संख्या लगेच परत छापायची.

नव्या कंपायलरमध्ये इंट ३२ बिटांचा, हद्द २,१४,७४,८३,६४७. संख्या मावते, पण विभाजकांची बेरीज ३,२१,१६,१०,६८८ मावत नाही, ती −१,०८,३३,५६,६०८ दिसते. तेच ते कर्ज. लाँग लाँग हा मोठा डबा घ्या. आणि ती २० अंकी मूळ संख्या लाँग लाँगमध्येही उणे होते, तिला अनसाइन्ड, म्हणजे उणे संख्या न ठेवणारा, लागतो.

पायथनमध्ये संख्या कितीही मोठी चालते म्हणून लोक बेफिकीर होतात आणि एका तिरप्या रेघेने मार खातात. साधा भागाकार केला की उत्तर दशांश अपूर्णांकात जातं, आणि भागाकार इतका मोठा असला की त्याच्यापुढचा अपूर्णांक उरतच नाही. "भागाकार पूर्ण आला का" असं विचारून १२३४५६७८९१०९८७६५४३२१ तपासा, २ ने भाग जातो म्हणेल, ३ ने जातो म्हणेल, ७ ने पण जातो म्हणेल. शेवटी १ असलेल्या मूळ संख्येला! बाकी विचारा, टक्क्याचं चिन्ह वापरून, भागाकार विचारू नका.

दुरुस्ती झाली की मोठी संख्या लगेच घालू नका. आधी ६, २८, ४९६ घाला, तिन्ही परिपूर्ण यायला हव्यात. मग १२, सगळ्यात लहान विपुल. मग ९४५, ही सगळ्यात लहान विषम विपुल. आणि १ आणि २ विसरू नका, निम्मे प्रोग्रॅम तिथेच आपटतात.

एक साइट मूळ म्हणते, दुसरी संयुक्त

वरचं सगळं बघून झालं आणि तरीही हे होत असेल तर नीट वाचा, पहिल्या साइटने "बहुतेक मूळ" म्हटलंय का. मोठ्या संख्येला भागत बसणं परवडत नाही म्हणून झटपट चाचण्या असतात, त्यातली सगळ्यात साधी फर्माची. ती एक आधार, म्हणजे चाचणीसाठी निवडलेली संख्या, घेऊन चालते, आणि ३४१ ला २ च्या आधारावर मूळ समजते, प्रत्यक्षात ११ × ३१. आणि १७२९, आपल्या रामानुजनांच्या गोष्टीतला टॅक्सीचा नंबर, ७ × १३ × १९, तिच्याशी समाईक अवयव नसलेला कुठलाही आधार घ्या, ही चाचणी फसतेच. अशांना कार्मायकेल संख्या म्हणतात. (१७२९ हर्षदही आहे, १९ × ९१. गणित दिनाला एवढं तरी तक्त्यावर टाका.) तर "बहुतेक" लिहिलं असेल तर तक्त्यावरही बहुतेकच लिहा, किंवा पक्की खात्री देणारं साधन वापरा, पारी किंवा सेज ही गणिताची सॉफ्टवेअरं. पक्की चाचणी झटपट असू शकते हे २००२ मध्ये आयआयटी कानपूरच्या मणिंद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी सिद्ध केलंय, रोजच्या वापरात मात्र दुसऱ्या रीती जास्त वेगवान पडतात.

इथे थांबा

लहान अवयव काढून झाले, उरलेला तुकडा संयुक्त आहे हे कळलं, आणि तो शंभरेक अंकांचा आहे. बस. घरच्या लॅपटॉपवर तो सोडवायचा हट्ट करू नका. आरएसए-१२९ नावाची १२९ अंकी संख्या १९७७ मध्ये आव्हान म्हणून दिली गेली, ती १९९४ मध्ये फुटली तेव्हा सहाशेच्या आसपास लोकांनी आपापली मशीनं जुंपली होती. २५० अंकी आरएसए-२५० फुटली २०२० मध्ये. २०४८ बिटांची, ६१७ अंकी, अजून कुणी फोडलेली नाही, आणि तुमची बँकेची साइट सुरक्षित आहे ती असल्या संख्या फुटत नाहीत याच भरवशावर, त्यामुळे नाही जमलं तर लाज वाटायचं कारण नाही.

अवयव पूर्ण मिळाल्याशिवाय विभाजक किती, बेरीज किती, हे सांगता येत नाही. त्या रकान्यात "उरलेला भाग संयुक्त, अवयव माहीत नाहीत" असं सरळ लिहा. हे लिहिणं कमीपणाचं नाही. २ च्या ६७ व्या घातातून १ वजा केला की येते १४७५७३९५२५८९६७६४१२९२७, मर्सेनच्या १६४४ च्या यादीत ती मूळ म्हणून होती, ल्युकासने १८७६ मध्ये दाखवलं की संयुक्त आहे, पण अवयव त्यालाही मिळाले नव्हते. ते कोलने १९०३ मध्ये दिले, १९३७०७७२१ आणि ७६१८३८२५७२८७. मधली २७ वर्षं जगभरातल्या गणितज्ञांच्या वहीत हेच वाक्य होतं.

अजून एका ठिकाणी थांबा: नऊ-अकरा जुळतं, २८ काठोकाठ येते, दोन वेगवेगळी साधनं वापरली, तरी उत्तर जुळत नाही. मग जवळच्या कॉलेजच्या गणित विभागात नंबर थिअरी शिकवणारं कुणी असेल त्यांना गाठा. संख्याशास्त्रवाल्यांकडे गेलात तर ते सरासरी काढून देतील, त्यांचा विषय वेगळा. अंकशास्त्रवाल्यांकडे तर अजिबात नको, एका पालकांनी नेलं होतं, तिथे संख्येचे अवयव राहिले बाजूला आणि मुलाच्या नावात एक जादा अक्षर घालून आले.

जाताना काय न्यायचं: संख्या टेक्स्टमध्ये, तिचे अंक किती, नऊने आणि अकराने बाकी किती, आतापर्यंत सापडलेले अवयव, आणि कुठल्या साधनाने काय उत्तर दिलं ते. स्क्रीनचा फोटो नको, त्यात नेमके शेवटचे दोन अंक कापलेले असतात.